पोटातले शेजारी

लघवीच्या तपासणीचा अहवाल हाती येतो, किंवा गावच्या विहिरीचे पाणी तपासून आरोग्य खाते कळवते, तेव्हा त्या कागदावर एक नाव हटकून भेटते : ई. कोलाय. नाव वाचताच घरातली माणसे दचकतात. चुलीवर पाण्याचे पातेले चढते, औषधाच्या गोळ्या येतात. मी तीस वर्षे बेळगाव भागातल्या शाळांतून जीवशास्त्र शिकवले. दरवर्षी वर्गातले एखादे तरी चौकस पोर विचारी, "सर, कोलाय म्हणजे मोठ्या आतड्यातला, हे कळले. पण आधीचा तो 'ई' कशाचा?"

तो 'ई' एशेरिश यांचा. थेओडोर एशेरिश हे लहान मुलांचे डॉक्टर होते. जगातला बहुधा सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला जंतू त्यांचे नाव मिरवतो, पण त्या नावामागचा माणूस फारसा कुणाला ठाऊक नसतो. त्यांची, त्यांच्या शिष्यांची आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात वसणाऱ्या जिवाणूंची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे फार दिवस मनात होते. ही हकीकत परक्या देशातली असली तरी आपल्या घरच्या पाळण्यापर्यंत येऊन पोचते. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात त्याच्या तोंडात काय घालायचे, हा प्रश्न आपल्याकडे आजही आजीच्या, सुईणीच्या आणि डॉक्टरच्या तीन मतांनी सोडवला जातो.

एशेरिश यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८५७ रोजी जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात, आन्सबाख या गावी झाला. वडील फर्डिनांड हे सरकारी वैद्यकीय अधिकारी होते आणि जन्ममृत्यूच्या आकड्यांचा अभ्यास हा त्यांचा आवडीचा विषय होता. ते आकडे अंगावर काटा आणणारे होते. त्या काळी बव्हेरियात जन्मणाऱ्या दर दहा बाळांपैकी सुमारे तीन बाळे पहिला वाढदिवस पाहत नसत. आज युरोपच्या समृद्धीकडे पाहून आपल्याला हे खरे वाटत नाही, पण दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बव्हेरियाच्या दक्षिण भागात बाळाला अंगावर पाजण्याची रीतच अनेक घरांतून उरली नव्हती. गाईच्या दुधात पीठ शिजवून त्याची खळ बाळाला भरवीत. उन्हाळ्यात ती खळ नासे, बाळाला हगवण लागे आणि चारसहा दिवसांत पाळणा रिकामा होई. छोट्या थेओडोरचे मातृछत्रही लहानपणीच हरपले होते. मुलांच्या वैद्यकाकडे ते का वळले, हे त्यांच्या मनात शिरून सांगता येणार नाही. मात्र ज्या घरात अर्भकांच्या मृत्यूचे तक्ते मांडले जात, त्या घरात ते वाढले, एवढे खरे.

स्ट्रासबुर्ग, कील, बर्लिन, वुर्झबुर्ग आणि म्युनिक अशा गावोगावच्या विद्यापीठांतून शिकत १८८१ मध्ये ते डॉक्टर झाले. तो काळ जंतुशास्त्राच्या ऐन भराचा होता. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. पुढे इजिप्तमध्ये आणि मग आपल्या कलकत्त्यात येऊन, १८८४ च्या सुरुवातीला त्यांनी पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू जगापुढे मांडला. 'रोग तितके जंतू' असे वारे वाहू लागले आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा प्रत्येक ठिपका आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू लागला.

त्याच वर्षी इटलीतल्या नेपल्स शहरात पटकीची मोठी साथ आली आणि बव्हेरिया सरकारने तिच्या अभ्यासासाठी पाठवलेल्यांत तरुण एशेरिश होते. त्या साथीत म्युनिकचे एमेरिख नावाचे संशोधकही काम करीत होते. पटकीने दगावलेल्यांच्या शरीरात त्यांना एक जंतू सापडला आणि पटकीचे खरे कारण हाच, असे त्यांनी जाहीर केले. हा जंतू 'नेपल्सचा जंतू' म्हणून गाजला. पण पुढे उमगले ते असे की, तो बिचारा पटकीचा नव्हताच. तो धडधाकट माणसाच्या आतड्यात नेहमी राहणारा रहिवासी होता.

या प्रसंगात एशेरिश यांच्या पुढच्या कामाची किल्ली आहे, असे मला वाटते. गावात चोरी झाली आणि तपासाला आलेल्या फौजदाराला गावातले एकही माणूस ओळखीचे नसेल, तर वाटेत भेटेल तो त्याला चोरच वाटणार. चोर शोधायचा तर आधी गावात रोज कोण राहते, कोण कुठे कामाला जाते, हे ठाऊक हवे. आजारी बाळाच्या विष्ठेत जंतू शोधणारे डॉक्टर तेव्हा पुष्कळ होते. निरोगी बाळाच्या विष्ठेत काय असते, हे नीट पाहण्याची तसदी मात्र फारशी कुणी घेतली नव्हती. एशेरिश यांनी ती घेतली. असंख्य योगायोगांनी आतड्यात शिरलेल्या या जंतूंचा गुंता सोडवणे वरवर पाहता निरर्थक वाटेल, याची त्यांना कल्पना होती, तरीही ते कामाला लागले.

म्युनिकला परतल्यावर कॉख यांच्या हाताखाली तयार झालेल्या फ्रोबेनियस यांच्याकडून त्यांनी जंतू वेगळे करून वाढवण्याची विद्या शिकून घेतली. डेन्मार्कच्या ग्राम यांनी १८८४ मध्येच जंतू रंगवण्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली होती, तीही त्यांनी लगेच उचलली. मग बाळांच्या लंगोटातला ऐवज प्रयोगशाळेत येऊ लागला. आपल्याकडे एखाद्या पदवीधर तरुणाने हे काम हाती घेतले असते तर सोयऱ्याधायऱ्यांनी काय काय ऐकवले असते, याची कल्पना वाचकांनी करावी!

बाळाची पहिली शी काळपट हिरवी, चिकट असते, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. जन्मतःच घेतलेल्या त्या नमुन्यात एशेरिश यांना जंतू वाढताना दिसले नाहीत. पण तीन ते चोवीस तासांच्या आत जंतू हजर होत. तोंडावाटे, गुदद्वारावाटे, आजूबाजूच्या हवेतून आणि हातांवरून ते येत. पहिले एकदोन दिवस नाना जातींची गर्दी असे. बाळ आईचे दूध पिऊ लागले की ही गर्दी ओसरून मोजक्या जातींची शिस्तशीर वस्ती उरे. आहार बदलला की वस्तीही बदलते, हेही त्यांनी नोंदवले. या वस्तीतल्या दोन जाती त्यांनी बारकाईने वर्णिल्या. त्यातल्या एकीचे नाव त्यांनी ठेवले 'बॅक्टेरियम कोलाय कम्यून', म्हणजे आतड्यातला सामान्य, सगळ्यांच्या घरी सापडणारा जिवाणू.

१४ जुलै १८८५ रोजी म्युनिकच्या वैज्ञानिक मंडळापुढे त्यांनी हे सारे व्याख्यानातून मांडले आणि १८८६ मध्ये अर्भकाच्या आतड्यातले जंतू आणि पचन यांच्या नात्यावर ग्रंथ लिहिला. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. बालवैद्यकाला जंतुशास्त्राची जोड मिळाली ती येथून.

या कामात एक मोठी जागा रिकामी राहिली होती. आतड्याच्या आत प्राणवायू जवळजवळ नसतो आणि तिथल्या बहुसंख्य जातींना हवा सोसत नाही. कोलाय हवेत आणि हवेविना, दोन्हीकडे तगतो, म्हणून तो प्रयोगशाळेत सहज हाती लागला. खरे बहुमत दुसऱ्याचेच होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ऑन्री तिसिए यांनी १८९९-१९०० च्या सुमारास हवा वगळून प्रयोग केले. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत त्यांना दोन फाटे फुटलेला, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा जिवाणू विपुल सापडला. 'बायफिडस' हे त्याचे नाव. वरच्या दुधावरच्या बाळांत याचे प्रमाण कमी आढळे. हगवणीच्या बाळांना हाच जिवाणू पाजून पाहावा, असेही तिसिए यांनी सुचवले. त्याच संस्थेतल्या मेच्निकॉफ यांनी आंबवलेल्या दुधाचा जगभर पुरस्कार केला. आपल्या ताकदह्याच्या देशात त्याचे नवल वाटायचे कारण नव्हते.

इकडे १८९० मध्ये एशेरिश ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरी प्राध्यापक म्हणून गेले. तेव्हाचे ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्य म्हणजे बहुभाषी राज्य. ग्राझच्या दक्षिणेला थोडे गेले की जर्मन आणि स्लोव्हेनियन या दोन भाषा एकाच बाजारात ऐकू येत. शहराच्या नावांनाही दोन दोन रूपे असत. आपल्या भागात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जर्मन लोक ज्याला लायबाख म्हणत आणि स्लोव्हेनियन लोक ल्युब्लियाना, अशा एका गावातला तरुण एशेरिश यांच्या हाताखाली आला. त्याचे नाव एर्न्स्ट मोरो. दचकलेले तान्हे बाळ दोन्ही हात फाकवून पुन्हा कवळते, त्या हालचालीला आज प्रत्येक बालरोगतज्ज्ञ 'मोरो प्रतिक्षेप' म्हणतो, तेच हे मोरो.

मोरो यांनी १९०० मध्ये बाळांच्या विष्ठेतून आम्लात तगणारा एक जिवाणू वेगळा केला. 'अॅसिडोफिलस' हे नाव आजही औषधाच्या दुकानातल्या पुड्यांवर वाचायला मिळते. त्याच सुमारास त्यांनी आणखी एक निरीक्षण केले. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या रक्तद्रवात जंतूंना मारण्याची ताकद वरच्या दुधावरच्या बाळापेक्षा जास्त आढळते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे दूध नुसते पोट भरीत नाही, ते बाळाच्या प्रतिकारशक्तीलाही काहीतरी देते. ते 'काहीतरी' म्हणजे नेमके काय, हे उलगडायला पुढे साठसत्तर वर्षे जावी लागली.

१९०२ मध्ये एशेरिश यांना व्हिएन्नाच्या सेंट अॅना बालरुग्णालयात बोलावणे आले. तिथे त्यांच्याभोवती जमलेल्या तरुण डॉक्टरांत क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक ही जोडी होती. घोड्याच्या रक्तापासून केलेली लस पहिल्यांदा टोचली तर काही दिवसांनी ताप-पुरळ येते, दुसऱ्यांदा टोचली तर तेच फार लवकर येते, हे त्यांनी मुलांच्या खाटांशी उभे राहून टिपले. शरीर पहिली गाठ लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी वेगळे वागते, हा त्याचा अर्थ. या बदललेल्या वागण्याला पिर्के यांनी १९०६ मध्ये नाव दिले 'अॅलर्जी'. आज खेड्यातल्या आजीच्याही तोंडी असलेला हा शब्द एशेरिश यांच्या हाताखालच्या डॉक्टराने घडवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एशेरिश यांच्या स्वतःच्या घरी मात्र दुःख आले. त्यांचा एकुलता मुलगा दहाव्या वर्षी आंत्रपुच्छाच्या दुखण्याने गेला. आतड्यांचा एवढा मोठा जाणकार, पण घरच्या लेकराला वाचवू शकला नाही. १९०३ मध्ये व्हिएन्नात त्यांनी अर्भकांच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. गरीब आयांना बाळाला अंगावर पाजण्यासाठी उत्तेजन द्यावे, ज्यांना ते शक्य नाही त्यांच्या बाळांना स्वच्छ दूध मिळावे, हा तिचा उद्देश. वडिलांच्या तक्त्यांतले आकडे खाली आणण्याची ही वाट होती. १५ फेब्रुवारी १९११ रोजी, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते मेंदूच्या झटक्याने वारले. १९१९ मध्ये कास्टेलानी आणि चामर्स यांनी कोलायच्या कुळाला 'एशेरिकिया' हे नाव दिले आणि १९५८ मध्ये ते अधिकृत ठरले.

आता या कोलायच्या चारित्र्याबद्दल दोन शब्द. तो साव की चोर? एशेरिश यांनीच १८९४ मध्ये दाखवले होते की, आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारा हा जिवाणू मूत्राशयात शिरला तर लहान मुलींना लघवीचा त्रास देतो. पुढे १९४५ मध्ये इंग्लंडच्या जॉन ब्रे यांनी सिद्ध केले की, कोलायच्या काही विशिष्ट जातींनी तान्ह्यांना उन्हाळी हगवण लागते. उलट पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निसले यांनी एका सैनिकाच्या पोटातला कोलाय मिळवला. बरोबरचे लोक आमांशाने आजारी पडले असता हा सैनिक ठणठणीत राहिला होता. त्या कोलायपासून औषध झाले. आणि आज मधुमेहाचे रुग्ण जे मानवी इन्सुलिन टोचून घेतात, ते १९७८ मध्ये प्रथम तयार झाले ते याच कोलायच्या पेशीत. पाण्याच्या अहवालात त्याचे नाव आले तर घाबरायचे ते यासाठी की, त्या पाण्यात कुणाची तरी विष्ठा मिसळली आहे आणि तिच्यासोबत पटकी-विषमज्वराचे जंतूही आले असू शकतील. एकाच आडनावाची घरे असली तरी माणसे निरनिराळी असतात, तसेच हे.

मोरो पुढे हायडेलबर्गला प्राध्यापक झाले. १९३६ मध्ये नाझी राजवटीत त्यांनी पद सोडले, त्यांच्या पत्नी ज्यू होत्या. तिथला त्यांचा साहाय्यक पॉल ग्यॉर्गी हा नॉजवराद या गावचा हंगेरियन ज्यू. त्या गावालाही हंगेरियन आणि रुमानियन अशी दोन नावे. ग्यॉर्गी यांनी १९३३ मध्येच जर्मनी सोडली आणि ते इंग्लंडमार्गे अमेरिकेला पोचले. गुरूंचा प्रश्न मात्र त्यांनी बरोबर नेला होता : अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात बायफिडस एवढा का फोफावतो? १९५४ च्या सुमारास त्यांनी दाखवले की, आईच्या दुधात काही खास शर्करा असतात आणि त्यांवर हा जिवाणू पोसतो. गाईच्या दुधात त्या अगदी थोड्या असतात. गंमत अशी की, या शर्करा बाळाला स्वतःला पचतच नाहीत. दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्याखालोखाल त्यांचाच वाटा, आणि बाळाला त्यांचा थेट उपयोग शून्य! आई बाळाबरोबर बाळाच्या पोटातल्या जिवाणूंचेही पान वाढते. पंगतीला बसलेले हे जिवाणू आम्ल तयार करतात, त्या आम्लात घातक जंतूंना पाय रोवता येत नाही.

मोरो यांना जाणवलेले ते 'काहीतरी' आता दुसऱ्या बाजूनेही उलगडत गेले. स्वीडनमधले बालरोगतज्ज्ञ लार्स हॅन्सन यांनी १९६१ मध्ये आईच्या दुधातली प्रतिद्रव्ये रक्तातल्या प्रतिद्रव्यांहून वेगळ्या घडणीची असल्याचे दाखवले. ती बाळाच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखी राहतात. १९७५ मध्ये त्यांच्या गटाने गर्भवती स्त्रियांना निरुपद्रवी कोलाय पाजला, तेव्हा बाळंतपणानंतर त्यांच्या चिकात त्या कोलायविरुद्धची प्रतिद्रव्ये करणाऱ्या पेशी आढळल्या. याचा अर्थ असा की, आईच्या आतड्याची ज्या जंतूंशी ओळख होते, त्या जंतूंची खबर तिच्या स्तनांपर्यंत जाते. बाळ ज्या घरात, ज्या मातीत वाढणार, तिथले जंतू आईला आधीच माहीत असतात आणि ते ज्ञान ती दुधातून देते. कुठल्याही डब्यातल्या पावडरीत ही गावची माहिती कशी भरणार?

आणि म्हणून आमच्या भागातली एक चाल मला फार खुपते. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण आवडीने करतो, शेजारच्या कानडी घरात त्यालाच गिण्णु म्हणून वाटीभर देतो आणि घेतो. पण बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक मात्र जड म्हणून, वाईट म्हणून पिळून टाकण्याची रीत कित्येक घरांत होती. काही घरांत ती अजून आहे. मराठी सुईण असो की कानडी सूलगित्ती, या बाबतीत दोघींचे एकमत असे. त्या बायांनी अडलेल्या कितीतरी आयांना सोडवले, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस आहे. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यावे आणि सहा महिने दुसरे काही देऊ नये, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते त्यामागे एशेरिश ते हॅन्सन एवढा इतिहास उभा आहे. मधाचे बोटही पहिल्या वर्षात नको, त्यातल्या एका जंतूच्या बीजांनी तान्ह्याला क्वचित घातक विषबाधा होते.

हा प्रवास आपल्या देशातही पुढे गेला आहे. ओडिशाच्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ही सारी बाळे अंगावर पिणारी होती. निम्म्यांना आठवडाभर एक उपकारक जिवाणू आणि त्याला पोसणारी शर्करा दिली, निम्म्यांना नुसती निरुपद्रवी पूड. रक्तात जंतुसंसर्ग होणे किंवा मृत्यू, यांचे एकत्र प्रमाण नऊ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. मात्र एका चाचणीने सर्वांसाठी नियम होत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असे जिवाणू देणे धोक्याचे ठरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये एका बाळाच्या मृत्यूनंतर दिला आहे. तेव्हा दुकानातून पुडी आणून आपल्याच मनाने बाळाला देऊ नये. तसेच साध्या सर्दीला प्रतिजैविकांचा आग्रहही डॉक्टरांपाशी धरू नये. त्या औषधाला चोर आणि शेजारी यांतला फरक कळत नाही, ते सारी आळीच उठवते. खरी गरज असेल तेव्हा मात्र ते पूर्ण द्यावे.

जंतूंना सरसकट वैरी मानण्याच्या दिवसांत एशेरिश यांनी निरोगी बाळाकडे पाहिले आणि तिथे कोण राहते याची शांतपणे नोंद केली. ज्या पोटात कुणीच शेजारी येत नाही, तिथली प्रतिकारशक्तीही अडाणी राहते, हे आज प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांवरून कळले आहे. आपले कोण, परके कोण, आणि परका असून निरुपद्रवी कोण, हे शरीर सहवासातूनच शिकते.

या दिवाळीत ज्यांच्या घरी पाळणा हलला असेल, त्यांनी बाळंतिणीला पोटभर खाऊ घालावे, तिला निवांतपणा द्यावा, बाळाला हातात घेण्याआधी हात साबणाने धुवावेत, आणि पहिला चीक बाळाच्याच मुखी जाईल एवढे पाहावे. बाकीचे काम आईचे दूध आणि ते पोटातले शेजारी मिळून करतील.